गादीवाल्याच्या घरातल्या पिसवा

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

(हो, वन्संच म्हणणार. तुला राग येतो म्हणून तर मजा आहे.)

तुझं पत्र मिळालं. डोंगरातल्या रस्त्याची मोजणी करता करता तुझ्या पायांना फोड आले, हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. तुझा दादा सुतळी ओवत होता. म्हणाला, "इथे गाद्या शिवल्या असत्या तर बोटांना आले असते. एवढाच काय तो फरक." तू नोकरीवर गेल्यापासून तुझ्याबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य, म्हणून जसंच्या तसं कळवते आहे.

इकडची बातमी मात्र धड नाही. कारखान्यात ढेकूण झालेत. निदान तुझ्या दादाचं तसं म्हणणं आहे. माझ्या घोट्यांवर लाल पुटकुळ्या उठल्यात, त्याच्या नडग्यांवरही आहेत. झालं, त्याच्या अंगात संचारलं! वसतिगृहासाठी शिवून ठेवलेल्या गाद्यांचे टाके दाभणाने उसवले, कापूस अंगणात पसरला, पलंगांच्या खाचांत उकळतं पाणी ओतलं. एक ढेकूण सापडेल तर शपथ. पण गादीवाल्याची तिसरी पिढी, ऐकतो कुणाचं? "लपलेत," म्हणतो, आणि पुन्हा उसवायला घेतो. मी दिवसभर मागे टाके घालत फिरते. हे पत्र लिहिताना तीनदा उठले. एकदा चहा उतू गेला म्हणून, दोनदा पाय खाजला म्हणून.

बाकी तुझा शेठ मजेत आहे. गादीवर लोळतो म्हणून तू त्या कुत्र्याचं नाव शेठ ठेवलंस, आणि तो नावाला जागून आहे. जरा खाजवतो. पण खाजवत कोण नाही सध्या?

तुझी मागची खोली जशीच्या तशी आहे. तिथे कुणी हात लावायचा नाही असा तुझ्या दादाचा हुकूम आहे, त्यामुळे माझं एक खोली झाडण्याचं काम वाचलं.

तुझी,
वहिनी


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

ढेकूण घोटे शोधत बसत नाहीत. माणूस झोपला की ते हात, मान, पाठ, जे उघडं मिळेल तिथे चावतात. तुमच्या दोघांच्या पायांनाच चावतंय ते जमिनीवरून उडी मारून येतंय. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तसं दादाला सगळीकडे ढेकूण दिसतात. त्याला उशीत सरडा सापडला तरी तो त्याला ढेकूणच म्हणेल.

आणि तू शेठचं खाजवणं एका ओळीत उरकलंस ना, तिथेच मला शंका आली. नीट सांग. कुठे खाजवतो? शेपटीच्या मुळाशी दाताने कुरतडतो का? पोटाची आणि मागच्या मांड्यांची कातडी लाल झालीय का? मधेच दचकून उठतो आणि कुणीतरी टोचल्यासारखा मागे वळून बघतो का?

एक कर. पांढऱ्या खोळीच्या कापडाचा तुकडा घे, ओला कर, जमिनीवर पसर आणि शेठला त्यावर उभा करून शेपटीच्या मुळाजवळचे केस उलटे चोळ. मिरपुडीसारखे काळे कण पडतील. घाण असेल तर काळीच राहील. त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे शेठचंच रक्त, त्यांनी पिऊन टाकलेलं.

मला हे कसं ठाऊक, असं विचारशील. शेठला पिल्लू असताना मी आणला तेव्हा तो पिसवांनी भरलेला होता. दादाला कळू न देता सगळं गच्चीवर निस्तरलं होतं. त्याला अजूनही सांगू नकोस.

आमची टपाल नेणारी गाडी आठवड्यातून एकदाच खाली उतरते. तेव्हा उत्तराला उशीर करू नकोस, इथे मला नकाशावर रेघ सरळ ओढता येत नाहीये.

तुझीच,
वन्सं (एवढ्यापुरतं मान्य)


१९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

डाग तांबडा झाला.

आधी मला वाटलं, उन्हाने डोळे दिपले असतील. मग कापड खिडकीशी धरलं. सगळ्या ठिपक्यांभोवती तांबूस कड होती. मी माहेरून आणलेली उवांची फणी शेठच्या पाठीवरून फिरवली, तर दातांत एक तपकिरी, चपटी, चमकदार वस्तू अडकली. मी नीट बघायला वाकले आणि ती नाहीशी झाली. कुठे गेली म्हणून शोधते, तर माझ्या मनगटावर!

खरं सांगू? तो कुरतडतो हे मला महिन्याभरापासून दिसत होतं. तू म्हणशील, वहिनीच्या हाती कुत्रा दिला आणि तिने त्याचं असं केलं, म्हणून लिहिलं नाही. मला कुत्र्यांची भीती वाटते हे तुला माहीत आहे. आता तो पायाशी येऊन पडला नाही तर चुकल्यासारखं वाटतं, हे तुला माहीत नाही.

तुझ्या दादाला सांगितलं. आधी हसला. मग मी ते कापड समोर ठेवलं तसा उठून त्याने कारखान्याचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "हा शब्द पुन्हा तोंडातून काढू नकोस. गादीवाल्याच्या घरी पिसवा निघाल्या हे एकाच्या कानावर गेलं की आपल्या गादीवर कुणी बसणारसुद्धा नाही, झोपणं लांबच."

मी म्हटलं, "अहो, औषध असतं."

"कुत्राच नसला की औषधही लागत नाही."

वसतिगृहाच्या बाई मार्चअखेरीस माल बघायला येणार आहेत. त्याआधी शेठला घालवायचं त्याने ठरवलंय. नाक्यापलीकडच्या गोदामाच्या रखवालदाराला राखणीसाठी कुत्रा हवाच होता. तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात न्यायला येईल. तिथे उघड्या आवारात साखळीने बांधतात. मी जाऊन बघून आले. शेठ आणि साखळी! तो तर चादरीला सुरकुती असली तरी बसत नाही.

आता काय करू ते लवकर लिही. मी तुझ्या दादाला थोपवू शकत नाही, पण पिसवांना थोपवता आलं तर बघते.

तुझी,
वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

शेवटी मनातलं बाहेर आलं तर. मी निघाले तेव्हाच तू म्हणाली होतीस, "एवढं मोठं जनावर मी कसं सांभाळू?" महिनाभर डोळ्यांसमोर कुरतडत होता आणि तू मला गाद्यांच्या गमती लिहीत होतीस. दादाने रखवालदार शोधला आणि तू आवार बघून आलीस! साखळी किती लांब आहे तेही मोजलंस का?

दादाला तर तो कधीच नको होता. शेठही नको आणि माझी नोकरीही नको. मी कारखाना सोडून गेले त्याची शिक्षा त्या मुक्या जिवाला. मी इथला तंबू गुंडाळून येते आणि त्याला घेऊन जाते, मग खुशाल पांढऱ्या चादरी पसरून बसा.

तरी शेठसाठी म्हणून लिहिते. जनावरांच्या डॉक्टरकडे ने आणि त्याच्या वजनाप्रमाणे औषध घे. मानेवर, जिथे त्याची जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून कातडीवर सोडायचे थेंब मिळतात. दादाकडचं पलंगांवर मारायचं ढेकणांचं औषध त्याच्या अंगाला चुकूनही लावू देऊ नकोस, मरेल तो. फणी रोज फिरव आणि निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडव. नखाने चिरडायला गेलीस तर निसटते. त्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात धू. आणि घर कोपऱ्या-कोपऱ्यातून झाड. अंगावर दिसतात त्या थोड्याच असतात. अंडी केसांतून गळतात, अळ्या अंधाऱ्या धुळीत वाढतात, मग कोशात गप्प पडून राहतात, आणि पावलांची हालचाल लागली की बाहेर येतात. जिथे झाडू फिरत नाही तिथे त्यांचं राज्य.

बाकी काही लिहावंसं वाटत नाही.


१४ मार्च

वन्सं,

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जेवले, कारण शेठला घेऊन डॉक्टरकडे चालत जायचं होतं आणि तो ओढतो फार. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करण्याआधी एवढं तरी विचारायचंस, की वहिनी, तू आवारात कशाला गेली होतीस? तिथल्या रखवालदाराला हात जोडायला गेले होते, की कुत्रा चावरा आहे, नको, असं गादीवाल्याला कळव. तो कबूल झाला नाही. म्हणाला, चावराच हवाय.

असो. राग गिळला आहे, पचला की कळवीन.

थेंब सोडले. फणी रोज फिरते. सुरुवातीला साबणाच्या पाण्यात काळं काळं तरंगायचं, मग हळूहळू पाणी स्वच्छ राहायला लागलं. शेठच्या मांडीवर नवे केस आले. मी घर झाडून झाडून कंबर मोडून घेतली. आणि गेल्या आठवड्यात पुन्हा सुरू! पुन्हा पुटकुळ्या, पुन्हा कुरतडणं. तुझा दादा म्हणाला, "बघ, औषधाने काही होत नाही." हे म्हणताना तो स्वतःची नडगी खाजवत होता.

मला काही सुचेना. चित्त कशात लागेना. टाका घालावा तर हात भलतीकडे जातो. मग लक्षात आलं, की दुपारी जेवणानंतर शेठ दिसतच नाही. आणि तुझा दादाही दिसत नाही. मला वाटायचं, तो कापूस बघायला बाजारात जातो.

काल मी मागच्या बाजूला गेले. तुझ्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. तुझा दादा जमिनीवर, तुझ्या पलंगाला पाठ टेकून बसला होता. शेठ तुझ्या जुन्या सतरंजीवर आडवा, डोकं त्याच्या मांडीवर. एका हाताने तुझा दादा त्याची मान खाजवत होता, दुसऱ्या हाताने स्वतःचा पाय. तू गेलीस तेव्हापासून तिथे झाडू फिरलेला नाही. कोपऱ्यात धुळीचे बोळे, पलंगाखाली केसांचे पुंजके. मी पांढरे पायमोजे घातले होते. चार पावलं आत टाकली आणि पायमोज्यांवर मोहरी उधळल्यासारखं झालं.

मला बघून तो उठला. म्हणाला, "पंखा आवाज करतोय का ते बघायला आलो होतो." पंखा बंद होता.

म्हणजे बघ, आम्ही गाद्या उसवत बसलो, मी स्वयंपाकघर घासत बसले, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी लगेच म्हटलं, "अहो, ही खोली रिकामी करू. सगळं बाहेर काढू, धुऊ. मग कुत्रा कुठे पाठवायला नको." तर असा चिडला की मी त्याला इतक्या वर्षांत तसा पाहिला नाही. "या खोलीला हात लावायचा नाही. ती परत येईल तेव्हा तिला जशीच्या तशी मिळाली पाहिजे. कुत्रा गेला तरी चालेल."

आता मला सांग, हा माणूस दुपारभर ज्या कुत्र्याला मांडीवर घेऊन बसतो, त्यालाच साखळीला बांधायला का निघालाय? मला वाटतं तो शेठचा निरोप घेत असावा. महिनाअखेरीला फार दिवस उरलेले नाहीत. खोली राहील किंवा शेठ राहील, दोन्ही राहणार नाहीत. आणि खोली तुझी आहे, तेव्हा तूच सांग.

वहिनी


२० मार्च

प्रिय वहिनी,

गाडी सुटायला थोडा वेळ आहे, चालकाला थांबवून ठेवलंय. हे पत्र दादाला मोठ्याने वाचून दाखव. तो उठून जायला लागला तर दारात उभी राहा.

आधी तुझं. मी जे लिहिलं ते नीचपणाचं होतं. तू चावरा म्हणून सांगायला गेलीस हे वाचून मी तंबूत एकटी हसले आणि मग रडले. तू माझ्या शेठसाठी केलंस तेवढं मीही केलं नसतं. राग पचला नसेल तर राहू दे, तो तुझा हक्क आहे.

आता दादा, तू ऐक.

खोली रिकामी कर. सतरंजी जाळून टाक. पलंग, गादी, कपाट, सगळं उन्हात काढ. माझे जुने कपडे उकळ, नाही जमलं तर टाकून दे. फरशीच्या फटी ब्रशने घास. केर घरात ठेवू नकोस, पिशवीत बांधून लगेच लांब नेऊन टाक. एकदा करून भागणार नाही. कोशातल्या मागाहून निघत राहतील, म्हणून काही आठवडे रोज झाडायचं आणि डॉक्टर सांगतील तेव्हा शेठला पुन्हा औषध द्यायचं.

आणि खोली माझ्यासाठी राखून ठेवू नकोस. मला इथे कायम केलंय. महिना झाला, पत्र खिशात घेऊन फिरतेय. हा रस्ता झाला की पुढचा, त्याच्यापुढे आणखी एक. कारखान्यात मी परत येणार नाही, दादा. मला ते काम येतं, पण मला हे काम आवडतं. तुझ्यासमोर हे बोलायची हिंमत झाली नाही म्हणून "बघू, वर्षभर करून बघते" असं म्हणून निघाले, आणि तू ते खरं मानून खोलीला कुलूप घालायचंच बाकी ठेवलंस.

मी येईन. पाहुणी म्हणून येईन, कारखान्यात नव्या गादीवर झोपेन. पण माझ्या धुळीसाठी शेठला साखळीला बांधू नकोस. चालक भोंगा वाजवतोय.

तुझी धाकटी


२ एप्रिल

चि. धाकटीस,

मला पत्र लिहिता येत नाही. हे मीच लिहितो आहे, तुझ्या वहिनीने सांगितलेलं नाही. ती दोनदा डोकावून गेली.

तिने तुझं पत्र वाचलं. मी म्हणालो, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. मग मी दोन दिवस काम केलं नाही. वसतिगृहाची एक गादी अर्धी शिवून तशीच पडली होती.

तिसऱ्या दिवशी खोली काढली. मीच काढली. तिला म्हटलं, तू आत येऊ नकोस, चावतील. पलंग, कपाट, तुझ्या वह्या, मोडका दिवा, सगळं अंगणात ठेवलं. सतरंजी जाळली. तुझी गादी उसवली. ती मी शिवलेली होती, टाके अजून घट्ट होते. कापूस उन्हात घालून पिंजून घेतला, खोळ उकळली. फटींतून ब्रशने काढलं ते बघून मला माझीच लाज वाटली. पिसवाच होत्या. ढेकूण नव्हते. हे एकदाच लिहितो, पुन्हा विचारू नकोस.

आता रोज झाडतो. फणीत काही निघत नाही. डॉक्टर म्हणाले, तरी झाडत राहा. वसतिगृहाच्या बाई आल्या, गाद्या दाबून बघितल्या, एकीवर शेठ झोपला होता तर त्याच्या शेजारी बसल्या. माल घेऊन गेल्या.

गोदामाचा रखवालदार ठरल्याप्रमाणे साखळी घेऊन आला होता. शेठ त्याला बघून शेपूट हलवायला लागला. असला चावरा. मी त्याला म्हटलं, कुत्रा मिळणार नाही. तो भांडायला लागला, बरोबरच आहे, शब्द दिला होता. रिकाम्या हाताने कसा पाठवायचा म्हणून त्याच्या खुर्चीसाठी जाड बैठक शिवून दिली.

तुझी वहिनी विचारते की मांडीवर घेऊन बसायचात तर त्याला घालवायला का निघाला होतात. तिला मी सांगितलं, धंद्यासाठी. ती मानत नाही. तुला सांगतो.

रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की शेठ उठून दाराशी जातो. कान उभे करून उभा राहतो. गाडी पुढे गेली की परत येऊन पडतो, आणि मग बराच वेळ त्याला झोप लागत नाही. दिवसातून किती गाड्या थांबतात या रस्त्यावर. तू गेल्यापासून हे असं चाललंय. मला ते बघवत नव्हतं. पिसवा झाल्या तेव्हा मला निमित्त मिळालं.

बघवत नव्हतं, कारण तो उठला की मीही उठायचो. हातातलं दाभण ठेवून. दाराशी जायचो नाही, पण उठायचो. कुत्रा गेला तर आपलंही हे थांबेल असं वाटलं.

नोकरी सोडू नकोस. कायम झालीस ते चांगलं झालं. मी लोकांना सांगतो, माझी बहीण रस्ते मोजते. मागच्या खोलीत आता कापसाच्या गाठी ठेवल्यात, हवा लागते तिथे. तू आलीस की हलवू.

पण येशील त्या दिवशी आधी कळव. कुठली गाडी, किती वाजता, सगळं. म्हणजे त्या दिवशी तरी आम्ही दोघं उगीच उठणार नाही.

तुझा,
दादा